चार्ल्स गुडइयर : रबराच्या वेडापायी

परवा आमच्या एका सीनियरची गाडी हिंजवडीच्या गॅरेजमध्ये वर उचलून ठेवली होती. बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटला होता. हा बूट जॉइंटमधलं ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवतो. तो फाटला की माती शिरते, जॉइंट झिजतो, आणि निखळला तर चालत्या गाडीचं चाकच तिरकं होतं. प्लॅस्टिकसारखा तापवून जोडता येईल का, असं मी मेकॅनिक काकांना विचारलं. काका नुसते हसले आणि नवा बूट आणायला पोरगा पाठवला. रबर असं जुळत का नाही, हे मला चार्ल्स गुडइयरचं आयुष्य वाचल्यावर नीट कळलं.

गुडइयरचा जन्म अमेरिकेतल्या न्यू हेवनचा, 1800 सालचा. वडिलांबरोबरचा लोखंडी सामानाचा धंदा बुडाला आणि कर्जापायी तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. तेव्हाचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. ते सुधारायचंच, हे 1834 पासून त्याच्या डोक्यात बसलं. पदवी नाही, लॅब नाही. घरच्या स्वयंपाकघरात लाटण्याने रबर मळायचं, एवढंच. सरकारसाठी केलेल्या पोस्टाच्या पिशव्याही उकाड्यात वितळल्या. घरातलं सामान विकलं गेलं, कित्येक मुलं लहानपणीच गेली. पण गडी हटला नाही.

1839 मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखं घट्ट झालं. गंधक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधतं, त्यामुळे त्या एकमेकींवरून घसरत नाहीत. आजचे बूट बहुधा निओप्रीनसारख्या कृत्रिम रबराचे असतात, तिथे गंधकाचं काम दुसरी रसायनं करतात. पण पूल असतातच. म्हणूनच बूट इंजिनाच्या उष्णतेत टिकतो, आणि म्हणूनच तापवला तर जळेल, पण वितळून जुळणार नाही. पंक्चरसारखा पॅच लावावा, तर ग्रीसमुळे धरत नाही आणि सततच्या वाकण्याने सुटतो. जॉइंट ढिला झाला नसेल, तर साफ करून नवं ग्रीस भरायचं आणि नवा बूट बसवायचा. ढिला झाला असेल तर जॉइंटच बदलायचा.

किती तापवायचं, किती वेळ, हे शोधण्यात गुडइयरची आणखी काही वर्षं गेली. अमेरिकेत पेटंट मिळालं 1844 मध्ये. पण इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने आधीच अर्ज केला होता. 1855 मध्ये फ्रान्सने गुडइयरला मोठा सन्मान दिला, तेव्हा तो पॅरिसमध्ये कर्जापायी पुन्हा कैदेत होता! 1860 मध्ये तो वारला, तो सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज मागे ठेवून.

त्याच्या नावाची टायर कंपनी 1898 मध्ये दुसऱ्यांनीच काढली. तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही संबंध नव्हता. मित्रांनो, आपण प्रोजेक्टमध्ये दोनदा अपयश आलं की टॉपिक बदलतो. गुडइयरसारखं घर पणाला लावावं असं मी म्हणणार नाही. त्याची किंमत त्याच्या बायकामुलांनीही मोजली. पण आज गाडीखालच्या प्रत्येक रबरी तुकड्यात त्याच्या त्या पाच वर्षांचा वाटा आहे, एवढं तरी आपण लक्षात ठेवूया.