अनुत्तीर्ण विद्यार्थ्याची तपश्चर्या

श्रीनिवास रामानुजन यांची कीर्ती आज सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे अपयशात गेली, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. वडील कुंभकोणम येथे कापडाच्या दुकानात कारकून होते. हे गाव भोसले कुलाच्या तंजावर प्रांतातील, त्यामुळे महाराष्ट्रीय वाचकांस अगदीच परके नव्हे. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून रामानुजन महाविद्यालयात गेले खरे. पण गणितावाचून कशातही मन रमेना. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०६ मध्ये मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, पच्चैयप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा आरंभ केला. तेथे आजारपण आडवे आले. १९०७ च्या परीक्षेत गणिताखेरीज सर्व विषयांत अपयश पदरी पडले.

पदवी नाही म्हणून नोकरी नाही. त्यातच १९०९ साली जानकीदेवींशी विवाह होऊन संसाराचा भार शिरी आला. लोकदृष्टीने ही वर्षे वाया गेली. परंतु याच काळात त्यांच्या वह्या भरत होत्या. कागद महाग, म्हणून पाटीवर गणित मांडावे, कोपराने पुसावे आणि निष्पन्न झालेले सूत्र तेवढे वहीत उतरवावे, असा त्यांचा नित्यक्रम असे. आमच्या मते त्यांची खरी तपश्चर्या ती हीच. केंब्रिजचे वैभव मागाहूनचे.

त्या वह्या घेऊन ते दारोदार हिंडले. नेल्लोरचे जिल्हाधिकारी रामचंद्रराव यांनी काही काळ त्यांचा खर्च चालविला. पण दुसऱ्यावर भार होऊन राहणे त्यांना रुचेना. १ मार्च १९१२ पासून त्यांनी मद्रास बंदराच्या कचेरीत दरमहा ३० रुपयांची कारकुनी पत्करली. तेथील वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणितज्ञ होते. सायंकाळी दोघे पाट्या घेऊन बसत.

केंब्रिजच्या बेकर व हॉब्सन या पंडितांना लिहिलेली पत्रे निष्फळ ठरली. तरीही १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी हार्डी यांना पत्र धाडले. हार्डींना प्रथम फसवणुकीची शंका आली. मग सहकारी लिटलवुड यांच्यासह सूत्रे तपासताच त्यांचे अलौकिकत्व पटले. मद्रास विद्यापीठाने या पदवीहीन कारकुनास दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १७ मार्च १९१४ रोजी ते विलायतेस निघाले.

तेथेही नकार चुकला नाही. १९१७ साली ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यांना फेलो करून घेण्याचे नाकारले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना निवडले, तेव्हा त्याच वर्षी ट्रिनिटीचेही दार उघडले.

१९१९ साली ते रुग्णावस्थेत स्वदेशी परतले. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. अंथरुणावरही गणित चालूच होते. त्या अखेरच्या वर्षातील पाने १९७६ साली अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटीच्याच ग्रंथालयात सापडली. त्यांतील सूत्रांच्या सिद्धता देण्यात पुढील विद्वानांची कित्येक वर्षे खर्ची पडली.