हायड्राचा मास्तर

अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने हायड्राची आकृती एकदा तरी काढलेली असते. एक उभी नळी, वर पाच-सहा भुजा, बाजूला फुटलेला अंकुर. भागांना नावं दिली की मार्क मिळतात. पण या जीवाला प्राणी म्हणायचं की वनस्पती, या प्रश्नाने एका माणसाची कित्येक महिने झोप उडवली होती, हे त्या आकृतीखाली कुठे लिहिलेलं नसतं. अब्राहम त्रांब्ले त्याचं नाव. दुसऱ्याच्या घरी राहून मुलांना शिकवणारा तो एक मास्तर होता.

त्रांब्लेचा जन्म 1710 सालचा, जिनिव्हाचा. घराणं प्रतिष्ठित, प्रोटेस्टंट, वडील शहराच्या कारभारात. तिथल्या अकादमीत तो गणित शिकला. पुढे जिनिव्हाच्या राजकारणात उलथापालथ झाली, वडिलांचं पद गेलं. त्याच सुमारास तो नोकरीसाठी हॉलंडला गेला होता. बड्या घरांत शिकवण्या करत करत शेवटी तो हेगजवळच्या सोर्खव्लीट इथे काउंट विलेम बेंटिंककडे आला. (बेंटिंक हे आडनाव आपल्या ओळखीचं आहे. सतीबंदीचा कायदा करणारा गव्हर्नर-जनरल याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला.) काउंटला दोन लहान मुलगे होते. त्यांची आई नवऱ्यापासून वेगळी होऊन निघून गेली होती. म्हणजे मुलांना अक्षरओळख करून दिली की काम संपलं, असं नव्हतं. त्या दोघांचा अख्खा दिवसच मास्तरवर सोपवलेला होता.

त्रांब्ले त्यांना बागेत न्यायचा, किडे दाखवायचा, खंदकातलं पाणी बरणीत भरून खिडकीत ठेवायचा. 1740 च्या उन्हाळ्यात अशाच एका बरणीत, पाणवनस्पतीला चिकटलेले काही हिरवे धागे त्याला दिसले. जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे. रंग हिरवा, एका जागी चिकटलेले, टोकाला फांद्यांसारखं काहीतरी. साहजिकच त्याला ती वनस्पती वाटली. मग फांद्या हलताना दिसल्या. बरणीला धक्का लागला की धागा आक्रसून ठिपक्याएवढा व्हायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा लांब. बरणी फिरवून ठेवली की काही दिवसांत सगळे सरकत सरकत उजेडाच्या बाजूला जमा व्हायचे.

आता आला ना प्रश्न? चालतो म्हणजे प्राणी. पण भुजा मोजल्या तर कुणाला सहा, कुणाला आठ. प्राण्यांचे पाय असे कमीजास्त नसतात, झाडाच्या फांद्या असतात. मग त्याने ठरवलं, कापून बघू. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरतील. 25 नोव्हेंबर 1740 ला त्याने एकाचे आडवे दोन तुकडे केले. वरच्या तुकड्याला डोकं होतं, त्यामुळे तो जगला याचं फारसं नवल नव्हतं. पण आठ-दहा दिवसांत खालच्या बिनडोक्याच्या तुकड्यालाही भुजा फुटल्या. दोन तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले.

म्हणजे कसोटीप्रमाणे ती वनस्पती ठरली. इथे दुसरा कुणी असता तर निकाल लिहून मोकळा झाला असता, असं मला वाटतं. पण हाच जीव भुजांनी भक्ष्य पकडतो, तोंडात ढकलतो, पचवतो, हेही त्याला दिसलं. तेव्हा त्याने उत्तराऐवजी कसोटीच मोडीत काढली. तुकडे होऊनही जगणारा प्राणी असू शकतो, हे त्याने मान्य केलं.

त्याने पॅरिसच्या रेओम्युरला पत्रं लिहिली. रेओम्युर म्हणजे त्या काळातला कीटकांच्या अभ्यासातला सर्वांत मोठा माणूस. पाठोपाठ जिवंत हायड्राही पाठवले. पहिली खेप मेली, कारण नळी लाखेने हवाबंद केली होती. दुसरी खेप 1741 च्या मार्चमध्ये जिवंत पोचली. रेओम्युरने स्वतः कापून पाहिलं, पॅरिसच्या अकादमीत दाखवलं आणि मग एकच गवगवा झाला. पुढे त्रांब्लेने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनाही हायड्रा पाठवले. मागेल त्याला जिवंत नमुना आणि तो कसा सांभाळायचा याच्या सूचना, असा त्याचा खाक्या होता. शोध माझा, बरणीही माझ्याकडेच, असं त्याने केलं नाही. 1743 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व आणि कॉप्ली पदक दिलं.

गंमत म्हणजे हायड्रा पहिल्यांदा त्याने पाहिलाच नव्हता. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने चाळीसेक वर्षं आधी त्याचं वर्णन केलं होतं, अंकुरासकट. पण त्याने कापून पाहिलं नव्हतं.

त्रांब्लेचे पुढचे प्रयोग आजही अंगावर काटा आणतात. त्याने डोक्याकडची बाजू उभी चिरून सात तोंडांचा हायड्रा केला. ग्रीक पुराणातल्या मुंडकी फुटणाऱ्या राक्षसाचं हायड्रा हे नाव याला चिकटलं ते यामुळेच, आणि लिनियसने ते पक्कं केलं. डुकराच्या राठ केसाने ढकलून त्याने हायड्रा मोज्यासारखा उलटा केला, आतली बाजू बाहेर. तो जगला आणि जेवायलाही लागला. दोन तुकडे जोडून त्याने कलमही केलं. हे सगळं भिंगाखाली, हाताने, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत.

1744 मध्ये लायडनला त्याचं फ्रेंच पुस्तक आलं. चित्रं पिएर लिओने या वकील मित्राची, आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांचं कोरीवकामही त्याचंच. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे मला त्या पुस्तकाची रचना जास्त भावते. त्यात निष्कर्ष आधी येत नाही. काय दिसलं, काय वाटलं, कुठे शंका आली, असं ते क्रमाने जातं.

गवगवा झाला तो मुख्यतः आत्म्यावरून. आत्म्याचे तुकडे होत नाहीत, मग कापलेल्या हायड्रात दोन आत्मे कुठून आले? तुकडे होऊनही हलणारे किडे अ‍ॅरिस्टॉटललाही माहीत होते, संत थॉमस अक्वायनसनेही त्यांचा विचार केला होता. पण तुकड्यातून अख्खा जीव उगवणं ही फारच पुढची गोष्ट होती. ला मेत्रीसारख्या जडवाद्यांना तर आयतंच हत्यार मिळालं. त्रांब्ले मात्र श्रद्धाळू माणूस होता आणि या भांडणात तो पडला नाही. हा भित्रेपणा होता, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. बरणीत जे दिसत नव्हतं, त्याबद्दल तो बोलला नाही, इतकंच.

नंतर त्याने प्राण्यांवरचं संशोधन जवळजवळ सोडूनच दिलं. काही काळ इंग्लंडसाठी राजनैतिक कामं केली, रिचमंडच्या तरुण ड्यूकला घेऊन युरोपभर फिरला. 1757 च्या सुमारास जिनिव्हाला परतला, लग्न केलं, मुलं झाली. म्हातारपणी पुस्तकं लिहिली ती मुलांच्या शिक्षणावर आणि धर्मावर. 1784 मध्ये तो वारला.

त्याला गोंधळात टाकणारा हिरवा रंग मात्र हायड्राचा नव्हताच. हायड्राच्या पेशींमध्ये राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा तो रंग, हे एकोणिसाव्या शतकात कळलं. शैवाल उजेडात साखर बनवतं, त्यातली काही हायड्राला देतं, आणि अंकुर फुटला की त्यातही जातं. म्हणजे वनस्पती की प्राणी, या प्रश्नात त्रांब्ले अगदीच चुकीच्या जागी अडखळला नव्हता.

पुढे 1981 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात माइंट्स, व्हॅन एटन आणि सहकाऱ्यांनी हे शैवाल हायड्रातून बाहेर काढून वेगळं वाढवायचा प्रयत्न केला. एका दिवसाच्या आत सगळ्या पेशी फुटल्या आणि आत विषाणू सापडले. हायड्राच्या पोटात असेपर्यंत याच शैवालाला काही होत नव्हतं. 2014 मध्ये आणखी एका गटाने दाखवलं की हायड्राच्या प्रत्येक जातीबरोबर तिचा स्वतःचा असा विषाणूंचा समुदाय असतो, आणि त्यात मोठा वाटा जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूंचा असतो. एका नळीएवढ्या जीवात प्राणी, शैवाल, जिवाणू आणि विषाणू सगळेच नांदतात. सोर्खव्लीटच्या खिडकीतल्या त्या बरणीतही हे सगळं असणारच. त्रांब्लेच्या भिंगातून त्यातला फक्त हिरवा रंग दिसत होता.