इंजिनाला तेल कोणतं, किती आणि कधी? या प्रश्नात आयुष्य घालवलेला इलायजा मकॉय

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की प्रश्न ठरलेला: साधं ऑईल चालेल की महागडं सिंथेटिकच हवं? आणि ते इतक्या लवकर बदलायची खरंच गरज आहे का? दीडशे वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनांपुढेही जवळपास हाच पेच होता. तो सोडवण्यात इलायजा मकॉयची हयात गेली.

त्याचे आईवडील अमेरिकेतल्या केंटकीतून गुलामगिरी झुगारून पळाले आणि कॅनडात पोहोचले. इलायजाचा जन्म तिथलाच, १८४४ च्या सुमाराचा. पोराला यंत्रांची आवड, म्हणून पंधराव्या वर्षी त्याला स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला धाडलं. इंजिनिअरिंग शिकून तो मिशिगनला आला, पण काळ्या माणसाला इंजिनिअरची नोकरी कोण देणार? मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्याला काम मिळालं ते कोळसा टाकायचं आणि इंजिनाला तेल द्यायचं.

तेव्हा गाडी ठरावीक अंतर धावली की थांबवावी लागे. कुणीतरी उतरून हाताने तेल घाली, मग गाडी पुढे निघे. तेल द्यायला उशीर झाला तर भाग घासून तापत आणि झिजत, सढळ हाताने ओतलं तर ते वाया जाई. मकॉयने १८७२ मध्ये पेटंट घेतलं ते तेलाच्या एका कपाचं. वाफेच्याच दाबाने त्याची झडप उघडायची आणि चालत्या इंजिनात बेताचं तेल उतरत राहायचं. अशी उपकरणं ब्रिटनमध्ये १८६० च्या दशकातच आली होती, त्यामुळे फॉरवर्ड होणाऱ्या पोस्टमधला पहिल्या शोधाचा दावा खरा नाही. त्याचं काम सुधारणेचं होतं, आणि ती तो पुढची चाळीसेक वर्षं करत राहिला. पेटंटं झाली पन्नासहून अधिक.

पुढे अतितप्त वाफेवर चालणारी इंजिनं आली आणि त्या उष्णतेत नेहमीचं तेल टिकेना. ग्रॅफाइटची पूड मिसळलेलं वंगण टिकायचं, पण पुडीने नळ्या तुंबायच्या. त्यावरच्या त्याच्या उपकरणाला १९१५ मध्ये पेटंट मिळालं. म्हणजे भारी वंगणाची गरज पडली ती इंजिन बदललं म्हणून. आजही टर्बो इंजिनात तेल जास्त तापतं, तिथे सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. साध्या इंजिनाला मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑईल आणि तिथेच दिलेली मुदत पुरते.

पैशाअभावी मकॉयने बरेच हक्क विकले होते, त्यामुळे उपकरणांवर त्याचं नाव क्वचितच असे. अस्सल मालाला इंग्रजीत खरा मकॉय म्हणतात ते त्याच्यावरून, असं सांगतात. पण तसाच शब्दप्रयोग स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्येच छापलेला सापडतो, तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. स्वतःच्या नावाची कंपनी त्याने डेट्रॉइटमध्ये काढली ती १९२० मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर. दोनच वर्षांनी मोटार अपघातात तो आणि त्याची पत्नी मेरी जबर जखमी झाले. मेरी त्यानंतर फार जगली नाही. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये, मिशिगनमधल्या एलॉईज इथल्या रुग्णालयात मकॉयही गेला.