शस्त्रे परक्यांची, निर्णय आपला

शस्त्रांच्या बाजारात गरजवंताला भाव ठरविता येत नाही. आणि गरज ऐन संकटात उघडी पडली, तर अटीही निमूटपणे ऐकून घ्याव्या लागतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये भारताची अवस्था नेमकी अशी होती. चिनी सैन्य ईशान्य सीमेवर खोलवर उतरले होते, आपला जवान जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीनिशी हिमालयात लढत होता आणि अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या पंडित नेहरूंना अमेरिकेकडे मदत मागावी लागली होती. कृष्ण मेनन यांच्या राजीनाम्यानंतर संरक्षण खाते यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले, ते अशा घटकेला.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, त्या वेळच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथला. वाढले ते कराडला. हा मुलूख पलटणीत माणसे पाठविणारा. येथील शेतकऱ्यांची मुले परक्या सरकारसाठी दूरदेशी लढली. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या निःशस्त्र मोर्चावर त्याच सरकारच्या बंदुका चालल्या. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिलेल्या यशवंतरावांना, शस्त्र कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हुकमाने चालते हा प्रश्न थोरला आहे, हे निराळे सांगावे लागले नसावे. ते मुख्यमंत्री असतानाच, १९६१ साली, देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली.

दिल्लीत त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पैशाचा होता. १९६३-६४ चा संरक्षणखर्च ८६७ कोटी रुपयांवर गेला. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल उभारण्याची पाच वर्षांची योजना आखली गेली. ही रक्कम विहिरी, रस्ते आणि शाळा यांच्याच तिजोरीतून निघणार होती. परकीय चलनाची टंचाई तर पाचवीला पुजलेली.

डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी १२ कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत ठरविली. परंतु पाकिस्तानला मिळालेले एफ-१०४ हे स्वनातीत विमान मागण्यासाठी यशवंतराव मे १९६४ मध्ये वॉशिंग्टनला गेले, तेव्हा हा खर्च भारताला पेलणार नाही असा उपदेश पदरी पडला. नेहरूंच्या निधनामुळे दौरा अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी मॉस्कोने मिग-२१ चे उत्पादन आणि हलके रणगाडे देऊ केले. दीर्घ मुदतीच्या उधारीवर, रुपयांत फेड घेऊन. डॉलरला पारख्या झालेल्या देशाला चहा-तागाच्या बळावर विमान मिळणे ही मोठीच सोय होती. तीमागे निव्वळ औदार्य नव्हते. चीनशी बिनसलेल्या रशियालाही भारत बळकट हवा होता. यशवंतरावांनी दोन्ही दारे ठोठावली आणि कोणत्याही लष्करी करारात देशाला बांधले नाही.

या धोरणाची कसोटी लवकरच लागली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे छांब विभागात घुसले. हवाई दल वापरण्याचा निर्णय यशवंतरावांनी त्याच दिवशी दिला. असल उत्तरच्या शेतांत पॅटन रणगाडे मोठ्या संख्येने नष्ट झाले आणि बंगलोरला बांधली जाणारी छोटी नॅट विमाने सेबरना भारी पडली. अमेरिकेने दोन्ही देशांची रसद तोडली, तेव्हा अधिक झळ बसली ती सर्वस्वी तिच्यावर विसंबलेल्या पाकिस्तानला. तथापि जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला रशियाच्या मध्यस्थीने करार झाला आणि जवानांनी जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यावी लागली. शास्त्रीजींबरोबर यशवंतरावही तेथे होते. मित्राच्या मैत्रीलाही किंमत असते, हे त्यांना जवळून दिसले.

म्हणूनच त्या काळात उभ्या राहिलेल्या कारखान्यांचे मोल मोठे. मिग बांधणारे ओझर आणि काडतुसे बनविणारे वरणगाव महाराष्ट्रातलेच. पण परवान्यावर विमान बांधणे निराळे आणि त्याचे इंजिन स्वतः घडविणे निराळे. दुसरा टप्पा यशवंतरावांच्या हयातीत गाठला गेला नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते निवर्तले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. त्याची जागा घेणाऱ्या तेजसचा सांगाडा आपला असला तरी इंजिन अमेरिकेचे आहे आणि ते उशिरा येत असल्याने विमानेही खोळंबली आहेत. बासष्टचा धडा अर्धाच गिरविला गेला आहे. उरलेला गिरवायचा तर प्रयोगशाळा आणि धातुशास्त्र यांवर, लगेच फळ न देणारा खर्च, वर्षानुवर्षे करावा लागेल.