पेडण्याचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक जुने, देखणे वस्तुसंग्रहालय आहे. त्याला १९७५ सालापासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. सहलीस गेलेले विद्यार्थी ते नाव दारावर वाचतात आणि आत जातात. हे भाऊ दाजी आपल्या पेडणे भागातील मांद्रे गावचे, हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ साली झाला असे बहुतेक चरित्रकार मानतात. काहींच्या मते ते साल १८२४ आहे. पेडणे त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली येऊन पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. या भागास नव्या काबिजादी म्हणत. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींत धर्मांतराचा जो जाच झाला तो इकडे पोहोचला नाही. देवळे राहिली, मराठी राहिली, आणि गावोगावचे वैद्यही राहिले.

हे वैद्य रोग्यास कसे बरे करीत, हे समजून घेतल्यावाचून भाऊ दाजींच्या आयुष्यातील एक मोठी गोष्ट नीट उमगणार नाही. तापमापक नाही, श्रवणनलिका नाही, अशा काळात वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाही, जीभ आणि डोळे पाही, भूक व झोप कशी आहे ते विचारी. तापकऱ्यास आधी लंघन, मग काढा, मग पेज. मात्रा सहाणेवर उगाळून मधातून चाटवावयाची. सुजेस लेप, दूषित रक्तास जळवा, आणि काही दुखण्यांवर तापलेल्या लोखंडाचा डाग! मोडलेले हाड हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून बसवी. बाळंतपण सुईण करी. देवीच्या रोगात औषध थांबे आणि कडुनिंबाचे डहाळे व नवस यांवर भार पडे. या उपचारांत पुष्कळ शहाणपण होते आणि पुष्कळ अज्ञानही होते. पथ्याची शिस्त, रोग्याच्या घराची व स्वभावाची माहिती, रानातील पाल्याची पारख ही त्यांची जमेची बाजू. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापून प्रसिद्ध केलेल्या औषधींच्या ग्रंथात येथील वैद्यांकडून मिळालेल्या माहितीचा उल्लेख आहे, तो उगाच नव्हे.

परंतु एक दोष मोठा होता. औषध कोणते हे वैद्य सहसा सांगत नसे. मुळीचे नाव फोडले की तिचा गुण जातो अशी समजूत होती. बाप मुलाला सांगे, तेही बहुधा शेवटच्या आजारात; आणि सांगावयाचे राहून गेले तर दोन-तीन पिढ्यांचा अनुभव बापाबरोबर चितेवर जाई. असे किती ज्ञान गेले याची मोजदाद कोणी केलेली नाही, करता येणारही नाही.

भाऊ लहानपणीच वडिलांबरोबर मुंबईस आले. घरची स्थिती बेताची. मुलगा बुद्धिबळात मात्र असा तरबेज की त्याची कीर्ती गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या कानी गेली, आणि त्यांनी या मुलास इंग्रजी शिकवा असा सल्ला वडिलांना दिला. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले; पुढे तेथेच ते शिकवूही लागले. काठेवाडातील मुलींच्या बालहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले. हातची नोकरी चांगली होती. तरीही १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा भाऊंनी ती सोडून विद्यार्थी म्हणून तेथे नाव घातले. प्रेतास स्पर्श करून शरीररचना शिकावयाची, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे प्रार्थना समाजाचे अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे सहाध्यायी. भाऊंचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले, आणि दोघा भावांनी मुंबईत वैद्यकी मांडली. श्रीमंतांची रीघ त्यांच्याकडे लागलीच, पण गरिबांसाठी त्यांनी धर्मार्थ दवाखानाही चालविला.

त्यांची सार्वजनिक कामे सांगू गेल्यास हा अंक पुरणार नाही. बाँबे असोसिएशन (१८५२) या राजकीय संस्थेचे ते चिटणीस होते, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते, मुलींच्या शिक्षणाचे कैवारी होते. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात धर्मगुरूंच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले.  एवढ्या व्यापात शिलालेख वाचण्याचा छंद! अजिंठ्याचे लेख, गिरनारचा रुद्रदामनाचा लेख, कालिदासाचा काळ, आर्यभट आणि वराहमिहिर, अशा विषयांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध वाचले.

संस्कृत ग्रंथांचा हा व्यासंग त्यांच्या वैद्यकीतही उतरला. पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या त्यांच्या बरोबरीच्या कित्येकांना गावठी औषधे म्हणजे केवळ भोळेपणा वाटे. भाऊ दाजींचे तसे नव्हते. जुन्या ग्रंथांत एखाद्या वनस्पतीचा गुण सांगितला असेल तर तो रोग्यावर पारखून पाहावा, खरा ठरला तर घ्यावा, खोटा ठरला तर टाकावा, अशी त्यांची रीत होती. मांद्र्याच्या मातीतून आलेला आणि ग्रँट कॉलेजात तयार झालेला माणूसच असे दोन्हींकडे पाहू शकतो, असे मला वाटते.

यातूनच ते कुष्ठरोगाकडे वळले. त्या काळी त्यास महारोग म्हणत. रोग्यास घर नाही, गाव नाही. सडत सडत मरणे एवढेच त्याच्या कपाळी असे. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक नावाच्या वृक्षाच्या तेलाचा उपचार सांगितला असून हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनारी होतो असे म्हटले आहे. ते झाड म्हणजे आपले कडू कवठ किंवा कवटी. गोव्यात त्यालाच खष्ट म्हणतात. ओढ्याकाठच्या दाट रानात ते वाढते. फळ गोल, कठीण सालीचे, आणि आत तेलकट बिया. त्या बियांचे तेल खरूज, नायटे यांवर लावण्याचा प्रघात कोकणात फार जुना आहे. १८६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भाऊ दाजींनी कुष्ठरोग्यांवर आपला उपचार सुरू केला. तो या तेलाचाच होता. काही रोग्यांचे चट्टे व व्रण सुधारू लागल्याची वार्ता पसरताच त्यांच्याकडे रोग्यांची गर्दी झाली.

येथेच त्यांच्या चरित्रातील अवघड प्रश्न उभा राहतो. भाऊंनी औषधाचे नाव उघड केले नाही. पुरेसा अनुभव गाठीस आल्यावाचून जाहीर करावयाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टर मंडळींनी यावर टीका केली, आणि ती अगदीच अन्यायाची होती असे म्हणता येत नाही. कलकत्त्यास डॉ. मोआट यांनी याच जातीच्या बंगालकडील झाडाचा, चौलमुग्र्याचा, गुण १८५४ सालीच छापून सर्वांपुढे ठेवला होता. घाईने प्रसिद्ध केलेले औषध भोंदूंच्या हाती जाते ही भाऊंची भीती खरी धरली, तरी जे औषध दुसऱ्यास पारखता येत नाही त्याचा खरेखोटेपणा ठरणार कसा? आधुनिक शास्त्राचा हा पहिलावहिला पदवीधर या एका बाबतीत जुन्या वैद्याच्या वाटेने गेला. मात्र त्यात पैशाचा लोभ होता असे मानण्यास जागा नाही. एरवीचे त्यांचे सारे आयुष्य विद्या वाटण्यात गेले होते.

अनुभव पुरा होण्याआधीच आजाराने गाठले. भाऊ दाजींना पक्षाघात झाला आणि १८७४ च्या मे महिन्यात त्यांचा अंत झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, दूर नॉर्वेमध्ये हॅन्सन या डॉक्टराने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला होता.

भाऊंचे औषध कवटीचे तेल होते ही गोष्ट पुढे वैद्यकीय ग्रंथांत नमूद झाली. या जातीच्या झाडांचे तेल त्यानंतर जगभर वापरले गेले. पोटात घेतले की ते फार मळमळे. म्हणून १९१५ च्या सुमारास हवाई बेटांत अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने ते टोचून देण्याजोगे केले. त्याने काहींना आराम पडे, पण रोग पुष्कळदा उलटे. १९४० नंतर सल्फोन जातीची औषधे आली, १९८२ पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला, आणि कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो.

भाऊ दाजींचे विखुरलेले लेख १८८८ साली कलकत्त्यास पुस्तकरूपाने निघाले. त्यात शिलालेख आहेत, ताम्रपट आहेत, जुन्या ज्योतिषांचे काळ आहेत. कुष्ठरोग्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे जे पाहिले, त्याची हकीकत त्यात नाही.