शिक्षकांच्या हाती सूक्ष्मदर्शक

थॉमस हेन्री हक्सले म्हटले की डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा झुंजार कैवारी डोळ्यांपुढे उभा राहतो. विज्ञानशिक्षकांच्या हाती उपकरण देण्याचे त्यांचे कार्य मात्र काहीसे उपेक्षितच राहिले.

१८२५ साली लंडनजवळील ईलिंग येथे जन्मलेल्या हक्सले यांना शाळा लाभली ती जेमतेम दोन वर्षे. १८४६ ते १८५० या काळात ‘रॅटलस्नेक’ या आरमारी जहाजावर साहाय्यक शस्त्रवैद्य असताना त्यांनी सूक्ष्मदर्शकातून सागरी जीवांचा अभ्यास केला. त्या बळावर ते वयाच्या सव्विसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण १८५२ मधील रॉयल इन्स्टिट्यूशनमधील त्यांच्या पहिल्या व्याख्यानानंतर त्यांच्या बोलण्याच्या ढबीवर टीका करणारी पत्रे आली. त्यांनी ती मनावर घेतली आणि पुढे नामवंत वक्ते म्हणून कीर्ती मिळविली. अध्यापनाचे कौशल्य कमवावे लागते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते.

१८५४ पासून ते लंडनच्या शासकीय खाणशास्त्र विद्यालयात शिकवीत. पण जीवशास्त्राची प्रयोगशाळा तेथे नव्हती. त्या काळी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील यशावर विज्ञानशिक्षकांचे मानधन ठरत असे. साहजिकच घोकंपट्टीला ऊत आला होता. यावर हक्सले यांनी उपाय योजला. १८७१ च्या उन्हाळ्यात साउथ केन्सिंग्टन येथे त्यांनी शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग घेतला. आधी व्याख्यान, मग त्याच विषयावर कित्येक तास प्रत्यक्ष काम, असा त्याचा क्रम होता. यीस्टपासून सशापर्यंत प्रत्येक नमुना शिक्षकाने स्वतः तपासायचा. अडल्यास मायकेल फॉस्टर, विल्यम रदरफर्ड आणि रे लँकेस्टर हे तरुण शास्त्रज्ञ मदतीला असत. याच पद्धतीवर आधारलेले पाठ्यपुस्तक हक्सले आणि न्यूएल मार्टिन यांनी १८७५ मध्ये सिद्ध केले. पुढच्याच वर्षी मार्टिन अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ही पद्धत तेथेही रुजली. १८९५ मध्ये हक्सले निवर्तले.

आज आपल्या अनेक महाविद्यालयांत संगणक आणि प्रक्षेपक आले आहेत. पण विद्यार्थ्यांसमोर आपली फजिती होईल, या धास्तीने अनुभवी प्राध्यापकही त्यांना हात लावण्यास कचरतात. हा दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे. यंत्रखरेदीसाठी निधी मिळतो, सरावासाठी सवड मिळत नाही. एका दिवसाच्या कार्यशाळेत दुसऱ्याने चालविलेले यंत्र पाहून हात वळत नाही. त्यासाठी वर्गाबाहेर निवांत वेळ हवा, शेजारी जाणता सहकारी हवा आणि चुकण्याची मोकळीक हवी. हक्सले यांनी शिक्षकांना सहा आठवडे विद्यार्थी होऊ दिले. आपल्या संस्थाचालकांनी निदान सहा दिवस तरी द्यावेत.