बंदूक खाली ठेवणारा हंसमित्र

दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये प्राण गमावलेल्या कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांनी पत्नीला शेवटच्या पत्रात एक विनंती केली होती : जमल्यास मुलाला निसर्गाची गोडी लाव. तो मुलगा म्हणजे पीटर स्कॉट (१९०९-१९८९).

तरुणपणी मात्र पीटर रानबदकांचे पट्टीचे शिकारी होते. एकदा गोळी लागलेला कलहंस चिखलात अशा जागी पडला, की तिथे पोहोचणे अशक्य. दुसऱ्या दिवशीही तो जिवंतच होता. अशा अनुभवांनी त्यांचे शिकारीवरचे मन उडाले. १९४६ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांचे संशोधन केंद्र उभारले.

रशियाच्या आर्क्टिक भागातून ब्यूइक हंस तिथे हिवाळ्यात येतात. प्रत्येकाच्या चोचीवरची पिवळी-काळी नक्षी वेगळी असते, हे हेरून स्कॉट यांनी १९६४ पासून चित्रे काढून एकेक हंस ओळखायला सुरुवात केली.

ब्रिटनमध्ये १९५४ च्या कायद्याने या हंसांना संरक्षण होते. तरीही १९७० च्या दशकात केंद्राने पकडलेल्या हंसांचे एक्स-रे काढले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश हंसांच्या अंगात छर्रे आढळले. शिवाय दाणा दळण्यासाठी हंस खडे गिळतात. त्यांबरोबर शिशाचे छर्रे पोटात गेले, तर विष रक्तात भिनते, स्नायू दुबळे होतात आणि पक्षी उपासमारीने मरतो.

म्हणून नुसती शिकारबंदी पुरत नाही. हंसांची वाट अनेक देशांतून जाते. छर्रा कोणी झाडला, कुठे पडला, हे हंसाला कसे कळावे?